आधी खुर्ची, मग दिवा
जुन्या ऑफिसचे नूतनीकरण करताना प्रकाशयोजना कशी ठरवावी

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला, पुढे कोळगावला जिल्हा मुख्यालयाची नवी इमारतही उभी राहिली. तरी या पट्ट्यातली बहुतेक ऑफिसे आजही जुन्याच वास्तूंत चालतात. शिरगाव, माहीम, केळवे भागात ओटी-माजघराच्या कौलारू घरात कुठे पतसंस्था, कुठे कर सल्लागार, कुठे एखाद्या रिसॉर्टचे बुकिंग ऑफिस. बोईसरला दुकानांवरच्या मजल्यांवरचे गाळे. तारापूर एमआयडीसीत शेडच्या एका कोपऱ्यात पार्टिशन टाकून केलेली हिशेब खात्याची खोली. दहा-पंधरा वर्षांनी यांच्या नूतनीकरणाचा विषय निघतो. फरशी, पीओपी, एसी, फर्निचर यांवर महिनाभर चर्चा होते आणि दिव्यांचा निर्णय शेवटच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आणि पीओपीवाला मिळून उरकतात. छताचे चौकोन मोजायचे, एक सोडून एक पॅनल बसवायचे, झाले.

मग चकचकीत ऑफिसात महिनाभरात कुरबुर सुरू होते. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोके जड होते, तीनच्या सुमाराला पेंग येते. खापर कॉम्प्युटरवर किंवा दुपारच्या डब्यावर फुटते. यातला बराच वाटा प्रकाशाचा असू शकतो. छत बंद होण्याआधी थोडा विचार केला तर तो कमी खर्चात सुधारतो. मानवकेंद्री प्रकाशयोजना हे भारदस्त नाव ऐकून बिचकू नका. दिवा कुठे लावायचा हे छताकडे पाहून न ठरवता खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

डोळा दोन कामे करतो

डोळ्याचे एक काम पाहण्याचे. त्यासाठी टेबलावर किती उजेड हवा, याचे मोजमाप भारतीय मानक आयएस 3646 मध्ये दिले आहे. साध्या ऑफिसला 300 ते 750 लक्स, मधला आकडा 500. हा आकडा टेबलाच्या पृष्ठभागावरचा.

दुसरे काम शरीराला दिवस-रात्र सांगण्याचे. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या, प्रकाशाला थेट प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी असतात, हे 2002 मध्ये प्रयोगांनी स्पष्ट झाले. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या जैविक घड्याळाला वेळ कळवतात. दिवसा पुरेसा उजेड मिळाला तर जाग टिकते आणि रात्री झोप वेळेवर येते. याच विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने 2022 मध्ये शिफारस केली: दिवसा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी, म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, किमान 250 मेलॅनॉपिक लक्स असावेत, झोपेच्या आधीच्या तीन तासांत ते 10 च्या वर जाऊ नयेत.

मेलॅनॉपिक लक्स म्हणजे या घड्याळाच्या हिशेबातला उजेड. इथे दिवसाचा प्रकाश पूर्ण रुपया धरला, तर 4000 केल्विनच्या एलईडीला रुपयात साठेक पैसेच मिळतात आणि पिवळसर 3000 केल्विनला त्याहून कमी. टेबलावर 500 लक्स असले तरी समोर पाहणाऱ्या डोळ्यात त्यातले साधारण निम्म्याच्या आतबाहेर पोचतात. म्हणजे 250 लक्स, त्याचे साठ टक्के केले की 150. नियमाप्रमाणे टेबल उजळलेल्या ऑफिसातही शरीराच्या दृष्टीने दिवस नीट उगवलेलाच नसतो. नुसते छतावरचे दिवे वाढवून ही तूट भरायची म्हटले तर बिल वाढेल आणि डोळे दिपतील ते वेगळेच. तूट खिडकीने आणि भिंतीने भरायची.

पहिले काम: बसून पाहा

कोटेशन मागवण्याआधी एक दिवस जुन्याच ऑफिसात पाहणीसाठी काढा. प्रत्येक खुर्चीत सकाळी दहाला, दुपारी एकला, साडेचारला आणि अंधार पडल्यावर बसा. चार गोष्टी लिहून काढा: समोर काय दिसते, स्क्रीनवर कशाचे प्रतिबिंब पडते, कागदावर आपल्याच हाताची सावली येते का, खिडकी दिसते का. लक्समीटर भाड्याने मिळाला तर उत्तम. मोबाइलवरचे अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण एका खुर्चीची दुसरीशी तुलना करायला पुरते. टेबलावर एकदा आणि डोळ्याच्या उंचीवर फोन उभा धरून एकदा, असे दोन आकडे घ्या.

सरकारी कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे शेवटची फाइल दिव्यातच पाहावी लागते. जून ते सप्टेंबर भरदुपारी काळोखून येते. त्यामुळे एप्रिलच्या लख्ख दुपारी केलेल्या पाहणीवर विसंबू नका.

पाहणीत कर्मचाऱ्यांचे वयही नोंदवा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. "मला तर छान दिसतंय" असे पंचविशीचा डिझायनर म्हणाला, तरी निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कला विचारल्याशिवाय काही पक्के करू नका.

खिडकी हा सर्वांत स्वस्त दिवा

पावसाळी ढगाळ दुपारी उघड्यावर 10,000 लक्सच्या घरात उजेड असू शकतो. खिडकीपासून चार-पाच फुटांवरच्या टेबलापर्यंत त्यातला पाच टक्के जरी आला, तरी 500 लक्स झाले, तेही पूर्ण रुपयाचे. खिडकीच्या वरच्या कडेची उंची जितकी, साधारण तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत हा उजेड कामाचा असतो. खिडकी सात फुटांपर्यंत असेल तर आत चौदा-सतरा फूट. म्हणून फॉल्स सीलिंग खिडकीच्या माथ्याखाली उतरवू नका. एसीचे डक्ट लपवण्यासाठी छत खाली आणावेच लागले तर ते खोलीच्या आतल्या बाजूला आणा.

जुन्या ऑफिसात खिडकीचे हाल कसे असतात ते पाहा. तिच्या पुढे लोखंडी कपाट, कपाटावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वरच्या तावदानात एसीसाठी ठोकलेले प्लायवूड, काचेवर कधीकाळी लावलेली काळी फिल्म. नूतनीकरणाची सुरुवात इथून करा. कपाटे खिडकी नसलेल्या भिंतीला न्या. झेरॉक्स, सर्व्हर, रेकॉर्ड आणि पँट्री आतल्या अंधाऱ्या भागात, माणसे उजेडाकडे. साहेबांची केबिन खिडकीला लावून बाकी सर्वांना आत ढकलण्याची पद्धत आहे. केबिन ठेवायचीच असेल तर पार्टिशनचा वरचा भाग काचेचा करा.

दिशेचा विचार जागेप्रमाणे बदलतो. पालघर साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यानंतर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य डोक्यावर येतो, तर 21-22 डिसेंबरला दुपारीही तो 47 अंशांपेक्षा वर चढत नाही. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्च ते सप्टेंबर दुपारचे ऊन आत येत नाही. हिवाळ्यात मात्र ते थेट टेबलावर येते, तेव्हा पडदा लागतोच. उत्तरेचा उजेड सर्वांत शांत, कॉम्प्युटरच्या टेबलांना तो द्या. शिरगावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मोह पश्चिमेच्या खिडकीचा होतो, कारण तिकडे सुरूची झाडे आणि समुद्र. पण चारनंतरचे उतरते ऊन छज्ज्याला जुमानत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, बांबूची चिक किंवा बाहेरून जाळी लावा. आतून लावलेला जाड पडदा एकदा ओढला की तो पुन्हा कोणी उघडत नाही.

स्क्रीन खिडकीशी काटकोनात ठेवा. खिडकी पाठीशी असेल तर ती स्क्रीनवर दिसते, समोर असेल तर डोळे दिपतात. बाजूला असली की दोन्ही टळते.

कौलारू घरात ऑफिस असेल तर आपल्याकडे चालत आलेली युक्ती वापरा: काचेची कौले. चारदोन कौले बदलली की मधल्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर उजेड येतो. फक्त ती टेबलांच्या वर न घेता जाण्यायेण्याच्या वाटेवर आणि कपाटांच्या बाजूला घ्या, आणि खाली पांढरट ॲक्रेलिकचा पत्रा द्या, म्हणजे उन्हाचा कवडसा जमिनीवर न पडता उजेड पसरतो. कारखान्याच्या शेडमधले पारदर्शक पत्रे काही वर्षांत पिवळे पडतात. दिव्यांवर खर्च करण्याआधी तेवढे पत्रे बदलून पाहा. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 17 मध्ये खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याचे बंधनच होते.

भिंत आणि टेबल

छत शक्य तितके पांढरे, भिंती फिकट, फरशी मध्यम. गडद लाकडी पॅनेलिंग सुंदर दिसते, पण ते प्रकाश गिळते. रंग मॅट घ्या. टेबलाचा सनमाईकाही मॅटच. आपल्याकडे टेबलावर जाड काच टाकून तिच्याखाली देवाचा फोटो, सुट्ट्यांची यादी आणि विरार-डहाणू गाड्यांचे वेळापत्रक ठेवायची रीत आहे. त्या काचेत वरची ट्यूब लख्ख दिसते आणि माणूस दिवसभर ती चुकवत मान वाकडी करून लिहितो. काच काढा, वेळापत्रक भिंतीवरच्या सॉफ्टबोर्डाला टाचा.

बसलेल्या माणसाच्या नजरेसमोरची भिंत उजळली की डोळ्यांत उजेड पोचतो आणि खोली मोठी वाटते. छतावरून खाली टाकलेल्या प्रकाशात टेबले चमकतात आणि भिंती काळवंडतात; अशा खोलीत लक्स पुरेसे असूनही लोक "अंधार वाटतो" म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात.

दिव्यांचे गणित

समजा, वीस बाय तीस फुटांची खोली आहे आणि बारा टेबले आहेत. क्षेत्रफळ सुमारे 56 चौरस मीटर. सर्वत्र 500 लक्स हवे असतील तर 56 गुणिले 500 म्हणजे 28,000 ल्युमेन टेबलांच्या पातळीवर पोचायला हवेत. दिव्यातला सगळा उजेड तिथवर पोचत नाही, धूळ आणि वय यांनी तो घटतोही, त्यासाठी 0.48 ने भागा. गरज 58,000 ल्युमेनची झाली. 36 वॉट, 3,600 ल्युमेनचे टू बाय टू पॅनल घेतले तर सोळा लागतील.

दुसरा मार्ग पाहा. खोलीभर 300 लक्स ठेवा. त्याला दहा पॅनल पुरतात. प्रत्येक टेबलाला 7 वॉटचा, मान वळणारा टेबललॅम्प द्या. विजेचा भार सोळा पॅनलना 576 वॉट, इथे 444 वॉट. वाचलेल्या भारातून समोरच्या भिंतीवर प्रकाश टाकणारे तीन-चार दिवे बसवा. टेबलावर 500, भिंत उजळ, आणि ज्याला जास्त लागतो त्याच्या हातात स्वतःचे बटण. खिडकीपासून दूरच्या रांगेला पॅनल थोडे जवळ-जवळ घ्या. मला विचाराल तर लहान ऑफिसाला हाच मार्ग योग्य.

जुन्या चोकवाल्या 36 वॉटच्या ट्यूबलाइटला चोकसह 50 वॉटच्या आसपास वीज लागते, तिच्या जागी 20 वॉटची एलईडी पट्टी चालते. बारा ट्यूब, रोज नऊ तास, वर्षाला 270 दिवस धरले तर सुमारे 875 युनिट वाचतात. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या न फोडता खोक्यात ठेवा आणि भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवा.

"पांढरा दिवा म्हणजे जास्त उजेड" हा समज सोडा. उजेड ल्युमेनवर ठरतो. रंगछटा एकच, 4000 केल्विन, सगळीकडे ठेवा. एका रांगेत निळसर आणि पिवळसर दिवे मिसळू नका. बजेट असेल तर छटा बदलणारे दिवे घ्या, सकाळी 5000 आणि संध्याकाळी 3000. मात्र ते बदलायचे काम कोणाचे, हे ठरले नसेल तर तो खर्च फुकट जातो.

चमक, लुकलुक आणि पंखा

पॅनलचे झाकण प्रकाश पसरवणारे हवे. झगमगाटाचा यूजीआर हा निर्देशांक ऑफिसला 19 पेक्षा जास्त नसावा. कोटेशनमध्ये तो लिहून मागा. उघड्या बिंदूसारखे सीओबी स्पॉट टेबलांवर नकोत, ते स्वागतकक्षातल्या भिंतीपुरते ठीक.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीचा, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. परीक्षा सोपी आहे: दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो नग परत करा. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओही हेच दाखवतो. इन्व्हर्टरवर आणि डिमरवर चालवूनही पाहा, कारण काही दिवे तेव्हाच लुकलुकतात.

आणि छताचा पंखा. पात्यांच्या वर दिवा आला की प्रत्येक पाते उजेड कापते आणि टेबलावर सावल्या धावत राहतात. अशा टेबलावर कोणी तासभरही बसू शकत नाही. 48 इंची पंख्याच्या मध्यापासून दिवा किमान अडीच-तीन फूट दूर ठेवा किंवा पात्यांच्या पातळीखाली टांगा. पंख्याचे हूक आणि दिव्यांचे पॉइंट एकाच नकाशावर काढा, तेही छत बंद होण्याआधी.

बटणे आणि वेळ

सगळे दिवे एकाच बटणावर असणे हा नूतनीकरणातला सर्वांत महागडा दोष. दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर घ्या आणि प्रत्येक रांगेला वेगळे बटण द्या. खिडकीजवळची रांग दिवसा बंद, आतली चालू. पावसाळ्यात काळोखले की तीही चालू. बटणावर मराठीत लिहा: खिडकी, मधली, भिंत. नंतर कधी प्रकाशसंवेदक लावायचा असेल तर वायरिंग तयार राहते.

मार्चअखेर हिशेब खाते रात्री नऊ-दहापर्यंत बसते. तेव्हा छताचे दिवे कमी करा, टेबललॅम्प ठेवा, छटा पिवळसर असेल तर उत्तम. त्यानंतर गाडी पकडून घरी पोचणाऱ्याला लवकर झोप लागायला याची मदत होते.

एमआयडीसीतल्या रात्रपाळीला वेगळा नियम. कंट्रोल रूममध्ये आणि गेटवर मीटर, लेबल, वाहनाचा नंबर स्पष्ट दिसणे आधी. तिथे झोपेच्या नावाखाली उजेड कमी करू नका. कामाच्या जागी नेमका प्रकाश, विश्रांतीच्या खोलीत मंद आणि पिवळसर, एवढे तरी करा. पाळ्यांचा सगळा त्रास दिवे दूर करतील असे कोणी विक्रेता म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. पाळ्यांची रचना आणि पुरेशी विश्रांती यांना पर्याय नाही. ज्वलनशील द्रावणांच्या साठ्याजवळ ऑफिस असेल तर तिथल्या दिव्यांना फ्लेमप्रूफचे नियम लागतात; तो निर्णय सुरक्षा अधिकाऱ्याचाच.

खारी हवा, धूळ आणि खरेदी

किनाऱ्यावरची हवा पत्र्याची फ्रेम आणि स्क्रू लवकर खाते. शिरगावात पावडर कोटिंगचे अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसचे स्क्रू घ्या. ओटीवर आणि बाहेर धूळ-पाणी आत न शिरणारे आयपी 65 चे दिवे. बोईसरला धूळ आणि रासायनिक वाफा असतात, तिथे बंद फिटिंग. वीज कडाडण्याच्या दिवसांत ड्रायव्हर आधी जातो, म्हणून मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. ड्रायव्हरपर्यंत हात पोचेल अशी जागा छतात ठेवा. एका ड्रायव्हरसाठी पीओपी फोडावे लागू नये.

मागणीपत्रात नुसते वॉट न लिहिता या गोष्टी लिहा: ल्युमेन, केल्विन, रंगदर्शन निर्देशांक किमान 80, यूजीआर 19, पॉवर फॅक्टर, बीआयएस नोंदणी, दिवा आणि ड्रायव्हर दोन्हींची हमी. सगळी ऑर्डर देण्याआधी तीन टेबलांवर नमुना लावून आठवडाभर काम करून पाहा. काम संपल्यावर अंधार पडल्यानंतर, खिडकीचा उजेड मिसळणार नाही अशा वेळी, प्रत्येक टेबलावर लक्स मोजा, आकडे कागदावर उतरवा आणि मगच शेवटचे बिल द्या. सरकारी कामात ही अट निविदेतच घाला.

दिवे वर्षातून दोनदा पुसा: पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दसऱ्याला मशिनरी पुसता तेव्हा एकदा. धुळीने गेलेला उजेड फडक्याने परत येतो, त्यासाठी नवे पॅनल लागत नाही.

तुमच्या ऑफिसचे काम निघाले असेल तर कंत्राटदाराला एकच अट घाला. छताचा नकाशा दाखवण्याआधी त्याने टेबल-खुर्च्यांचा नकाशा दाखवावा, त्यावर प्रत्येक माणसाचे तोंड कुठे आणि खिडकी कुठे हे बाणाने काढलेले असावे. त्या कागदावर कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्या, मगच दिव्यांची ऑर्डर द्या.